आधी पायवाट, मग आकाश

गेल्या दिवाळीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. तो पुण्यास एका संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे उचलली गेली, मंडळी गप्पांना बसली, तशी स्वारी मांडीवर संगणक घेऊन माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसली. सणासुदीलाही ह्या पोराच्या मागची कचेरी सुटत नाही असे वाटून, चार शब्द सुनावण्याच्या तयारीनेच मी जवळ गेलो. पाहतो तो पडद्यावर हिरवे माळरान पसरलेले, आणि त्यावरून अंगठ्याएवढा एक वीर पुरुष टुकूटुकू चालला आहे.

"फायनल फॅन्टसी, मामा. पहिला भाग," तो म्हणाला. "माझ्या जन्माच्या आधीचा खेळ आहे हा. आता नवीन रंग देऊन पुन्हा काढलाय."

ह्या खेळात आकाशातून जाणारी जहाजे असतात एवढे मी त्याच्याच तोंडून पूर्वी ऐकले होते. मी म्हणालो, "मग ते उडतं जहाज काढ की! असा पायी कुठवर चालणार?"

तो हसला. "ते असं मिळत नसतं, मामा. आधी चालायचं. बरंचसं जग पायाखालून गेलं, की मग जहाज."

मी इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस. वर्गात नकाशा टांगायचा आणि मुलांना क्षणात हिमालयावरून कन्याकुमारीला न्यायचे, हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे भाच्याचे ते वाक्य मला कुठेतरी लागले. पुढे वर्षभर, कधी त्याच्या शेजारी बसून तर कधी एकट्यानेच, ह्या खेळातील आकाशनौकांचा मी पाठपुरावा केला. वाचकांनी विषय ऐकून नाक मुरडू नये. करमणुकीच्या गोष्टींतही एखाद्या काळाचे मन उतरलेले असते. कादंबरी लिहिणाऱ्याने तरी हे नाकारू नये.

हा खेळ जपानातला. १९८७ च्या डिसेंबरात स्क्वेअर नावाच्या कंपनीने तो काढला. त्याचा कर्ता हिरोनोबू साकागुची. दूरदर्शन संचाला जोडावयाच्या फॅमिकॉम यंत्रात बसणारी एक लहानशी प्लास्टिकची कॅसेट, आणि तिच्यात अवघी २५६ किलोबाइट माहिती. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही ह्याहून कितीतरी अधिक जागा खातो. एवढ्याशा जागेत ह्या मंडळींनी डोंगर, नद्या, समुद्र, राजवाडे आणि चार वीरांची कथा बसवली. खेळणाऱ्याने त्या वीरांच्या भूमिका घ्यावयाच्या आणि जग पालथे घालावयाचे.

हे जग कसे पालथे घालावयाचे, ह्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रारंभी पायांवाचून दुसरे साधन नाही. राजकन्येला सोडवून आणल्यावर राजा प्रसन्न होतो. पण तो हत्ती-घोडे देत नाही, नदीवरचा मोडलेला पूल बांधून देतो. पुढे चाच्यांचा पराभव केल्यावर एक जहाज मिळते. परंतु समुद्र चहूकडून जमिनीने वेढलेला. मग एका बुटक्या कारागिराला सुरुंगाची दारू आणून द्यावयाची. तो भूमी फोडून कालवा काढतो, तेव्हा कोठे बाहेरचा महासागर मोकळा होतो. त्यानंतर नद्यांतून जाण्यासाठी लहान होडी. आणि मग बर्फाच्या गुहेतून एक तरंगता दगड आणून तो वाळवंटात उंच धरावयाचा, की वाळू हलू लागते आणि शतकानुशतके गाडले गेलेले आकाशजहाज वर येते.

पूल, जहाज, कालवा, होडी आणि मग आकाश. माणसाच्या प्रवासाचा इतिहास शिकवताना मी ह्याहून फारसा वेगळा क्रम सांगत नाही.

जहाज मिळाल्यावर काय होते? इतका वेळ पावलागणिक झुडपांतून राक्षस अंगावर येत होते. आता कोणी अडवीत नाही. ज्या डोंगराला वळसा घालण्यात संध्याकाळ गेली होती, तो दोन क्षणांत खालून निघून जातो. ह्या उड्डाणाची आज्ञावली नासिर गेबेली नावाच्या इराणात जन्मलेल्या आणि अमेरिकेत संगणक शिकलेल्या गृहस्थाने लिहिली. त्या दुबळ्या यंत्रावर, खाली सावली टाकीत इतक्या वेगाने धावणारे जहाज त्याने दाखवले.

तथापि एक अट आहे, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म त्या अटीत आहे. हे जहाज कोठेही उतरत नाही. अरण्यावर नाही, डोंगरावर नाही, वाळूवर नाही. फक्त मोकळ्या गवताळ माळावर. त्यामुळे जग तुमच्या खाली असले तरी शेवटचा कोस पायीच तुडवावा लागतो. प्राचीन काळी आकाशात किल्ला बांधणारी एक जमात होती. तिच्या वंशजांचे लुफेनिया हे गाव ह्या जगात अजून शिल्लक आहे. त्या गावाजवळ जहाज उतरवावयास जागाच नाही. एके काळी जे उडत होते त्यांच्या दारी आज लांबवर चालत जावे लागते. हे कर्त्यांना मुद्दाम सुचले की आपोआप घडले, ते मी सांगू शकत नाही. पण त्या वाटेने जाताना मला हसू आले नाही.

आता ह्या जहाजाच्या रूपाविषयी थोडे. आपण आकाशजहाज म्हटले की वायूने भरलेली लांबोडकी पिशवी डोळ्यांपुढे येते. जपानी भाषेत अशा खऱ्या वायुनौकेला 'हिकोसेन' म्हणतात. खेळातील नौकेला मात्र त्यांनी 'हिकूतेई' असे वेगळे नाव दिले. आकाशातून उडणारी होडी, असा त्याचा अर्थ. नाव खोटे नाही. तिला पिशवी नसते. खाली समुद्रावरच्या गलबताचे लाकडी पोट, वर डोलकाठ्या, आणि शिडांच्या जागी गरगर फिरणारे पंखे. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न ह्याने १८८६ च्या आपल्या एका कादंबरीत रोबर नावाच्या संशोधकाला असेच काठ्याकाठ्यांवर पंखे लावलेले जहाज दिले होते. म्हणजे विमान खरोखर उडण्याच्या आधी माणसाने ज्या आकाशाची कल्पना केली होती, ते आकाश ह्या खेळात येऊन राहिले आहे.

कल्पनेतले जहाज असे एका वाटेने गेले. खरे जहाज दुसऱ्या वाटेने गेले. त्या खऱ्या जहाजाचा इतिहास थोडक्यात सांगितल्यावाचून खेळातील जहाजाचे मोल कळणार नाही.

१८५२ साली आंरी जिफार ह्या फ्रेंच इंजिनियराने फुग्याखाली वाफेचे यंत्र टांगून पॅरिसहून ट्रापपर्यंत सुमारे २७ किलोमीटर उड्डाण केले. १९०० च्या जुलैत जर्मनीच्या काउंट झेपेलिनची पहिली मोठी नौका कॉन्स्टन्स सरोवरावर उडाली. लोकांनी टोप्या उडवल्या, गाणी रचली. आणि पंधराच वर्षांनी, ३१ मे १९१५ च्या रात्री, त्याच जातीच्या नौकेने लंडनवर बॉम्ब टाकले. वरून पाहणाऱ्याला खाली दिव्यांचे पुंजके दिसत होते. त्या दिव्यांशेजारी निजलेली मुले दिसत नव्हती. शहर हा नकाशा झाला होता.

युद्ध संपले आणि पुन्हा कौतुकाचे दिवस आले. १९२९ साली 'ग्राफ झेपेलिन' ही नौका ह्यूगो एकेनर ह्या कप्तानाच्या हाताखाली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. जर्मनीहून सुटून सैबेरियावरून ती न थांबता जपानात आली आणि १९ ऑगस्ट रोजी कासुमिगाउरा येथील आरमारी तळावर उतरली. चार दिवसांहून थोडा अधिक काळ आणि सुमारे ११,००० किलोमीटरची मजल! ती पाहावयास लोटलेल्या गर्दीला सीमा नव्हती. हा तळ जपानच्या इबाराकी प्रांतात आहे. त्याच प्रांतातील हिताची शहरी, पुढे १९६२ साली, साकागुचीचा जन्म झाला. ह्यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही. त्याच्या गावाकडच्या आकाशाने एकदा तसले जहाज पाहिले होते, एवढेच.

इंग्रजांनाही साम्राज्य सांधण्यासाठी आकाशनौका हवी होती. लंडनहून हिंदुस्थानापर्यंत टपाल आणि अधिकारी काही दिवसांत पोचावेत, अशी ती योजना. त्यासाठी इजिप्तमध्ये इस्माइलियाला नौका बांधण्याचा मनोरा उभारला गेला, आणि कराचीला एक प्रचंड शेड बांधली गेली. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा झाला तो १९३६ साली. म्हणजे आकाशनौकेचे घर आपल्या इलाख्यात बांधून तयार होते, फक्त नौका यावयाची होती.

ती नौका म्हणजे आर १०१. लांबी ७७७ फूट, पोटात हायड्रोजन. हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन ह्यांना तीतून हिंदुस्थानला जाऊन साम्राज्य परिषदेसाठी परत लंडनला पोचावयाचे होते. तारीख ठरलेली, मंत्र्यांचा शब्द गेलेला. नौकेचा मध्यभाग कापून ती लांबवली होती, परंतु त्यानंतरच्या चाचण्या पुरत्या झाल्या नव्हत्या. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी, वाऱ्यापावसात ती कार्डिंग्टनहून निघाली, आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समधील बोव्हे गावाजवळच्या एका ठेंगण्या टेकडीला टेकून पेटली. ५४ जणांपैकी ४८ गेले. त्यांत मंत्रीही होते. कराचीच्या त्या शेडमध्ये एकही आकाशनौका कधी शिरली नाही. पुढे ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे 'हिंडेनबुर्ग' जळाली, ३६ माणसे मेली, आणि प्रवासी आकाशनौकांचे युग संपले.

ही हकीकत मुलांना सांगताना मी पूर्वी हायड्रोजनवर थांबत असे. वायू ज्वालाग्राही, म्हणून अपघात. उत्तर पूर्ण, गुण पूर्ण. आता मला दुसरे काही दिसते. ह्या नौकांना उतरताना खाली दोर धरावयास शेकडो माणसे लागत. आकाशातील प्रत्येक राजा जमिनीवरच्या शेकडो हातांचा ऋणी होता. आर १०१ च्या वेळी घाई झाली ती आकाशात नव्हे, जमिनीवर, पायाखालच्या कामात. पायरी गाळली गेली, आणि ती गाळलेली पायरी बोव्हेजवळच्या टेकडीचे रूप घेऊन आडवी आली.

आता पुन्हा खेळाकडे येऊ. मला कुतूहल होते ते असे, की खऱ्या आकाशनौकांनी जी पापे केली, ती ह्या कल्पनेतल्या नौकांनी विसरून टाकली की काय? तसे नाही. १९८८ साली निघालेल्या दुसऱ्या भागातच सम्राटाची एक महाकाय युद्धनौका गावांवर बॉम्ब टाकीत आकाशातून हिंडते. ज्या देशाच्या राजधानीने १९४५ च्या मार्चमध्ये आकाशातून आलेली आग सोसली, त्या देशाच्या करमणुकीत हे चित्र यावे ह्यात नवल नाही. त्याच भागात सिड नावाचा एक गृहस्थ भाडे घेऊन लोकांना आपल्या आकाशनौकेतून पोचवतो. पुढे ह्या मालिकेच्या जवळजवळ प्रत्येक भागात सिड असतो. दर वेळी माणूस निराळा, पण बहुधा नौका बांधणारा, दुरुस्त करणारा, तेलकट हातांचा. नौकेच्या मागचे ते शेकडो हात खेळाने ह्या एका नावात गोळा करून ठेवले आहेत, असे मला वाटते.

पण खरा विचार केला आहे तो १९९१ च्या चौथ्या भागाने. त्याची सुरुवातच आकाशनौकांच्या काफिल्याने होते. बॅरन राज्याचे हे आरमार, नाव 'लाल पंख'. त्याचा सेनानी सेसिल. राजाच्या हुकुमावरून मिसिडिया नावाच्या विद्वानांच्या गावावर चालून जाऊन, निःशस्त्र माणसे मारून, तेथील पवित्र स्फटिक लुटून तो परत येत आहे. मन खात आहे, पण हात हुकूम पाळीत आहेत. राजापाशी त्याने शंका काढताच राजा त्याची सेनापती ही पदवी काढून घेतो आणि त्याला एका डोंगरी गावी एक अंगठी पोचवण्याच्या कामावर धाडतो. पायी.

तो गावात पाऊल टाकतो, अंगठीतून आग बाहेर पडते आणि गाव जळते. एक लहान मुलगी मेलेल्या आईशेजारी बसून रडते आहे. तिच्या आईच्या मृत्यूला, वाटेत मारलेल्या राक्षसाच्या रूपाने, आपणच कारण झालो हे त्याला तिच्याच तोंडून कळते. आकाशातून त्याने जे केले तेच येथे घडले. फरक एवढाच की ह्या वेळी तो जमिनीवर उभा होता.

पुढे समुद्राच्या लाटा ह्या सेसिलला एकट्याला कोठे आणून टाकतात? मिसिडियाच्या किनाऱ्यावर. ज्या गावाला त्याने वरून लुटले त्याच गावच्या रस्त्याने आता तो पायी चालतो आहे. खेळणाऱ्याने कोणा गावकऱ्याशी बोलावयास जावे, तर तो शाप देऊन त्याचा बेडूक करतो. ह्या ठिकाणी मी भाच्याला खेळ थांबवावयास सांगितले आणि थोडा वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो. प्रायश्चित्त ह्या शब्दाचा अर्थ मी कित्येक वर्षे मुलांना सांगत आलो आहे; पण ज्याचे आपण वाईट केले त्याच्या गल्लीतून मान खाली घालून चालणे, इतका सोपा अर्थ मला सुचला नव्हता.

इतर भागांतही हाच धागा निरनिराळ्या रंगांत येतो. १९९० च्या तिसऱ्या भागात आपण ज्या भूमीला जग समजून हिंडत असतो, ती नौका मिळाल्यावर काठाबाहेर गेलो की कळते, ही भूमी म्हणजे आकाशात तरंगणारे एक बेटच आहे. खरे जग खाली, आणि ते पाण्यात बुडालेले. विहिरीतल्या बेडकाची गोष्ट आपण सगळेच सांगतो, पण विहिरीच्या काठावरून बेडकाला कसे दिसले असेल ते येथे पाहावे. २००० सालच्या नवव्या भागातील नौका धुक्यावर चालतात. ते धुके म्हणजे मृतांच्या आत्म्यांचा गाळ आहे, हे उडणाऱ्यांना ठाऊक नसते. नायक मंडळी जेव्हा त्या धुक्याचा उगम बंद करतात, तेव्हा सगळ्या नौका जागच्या जागी थंड होतात, आणि वाफेवर चालणारी नवी नौका बांधून होईपर्यंत जगाला थांबावे लागते. आपली वाहने कशावर धावतात आणि त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न आजच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

माझ्या मनात सर्वांत घर करून राहिली ती १९९४ च्या सहाव्या भागातील नौका. सेट्झर नावाच्या जुगाऱ्याची ही नौका, आत जुगाराचा अड्डा, वर ऐटदार पंखे. नव्या यंत्राला पडद्यावरचे चित्र तिरके करून फिरवता येऊ लागले होते, त्यामुळे पहिल्यानेच क्षितिज दिसले. खेळणारा मजेत आहे. आणि ऐन मध्यावर जगाचा नाश होतो. नौका आकाशातच मोडून पडते. वर्षभराने नायिका एका ओसाड बेटावर जागी होते. तराफ्यावरून समुद्र ओलांडून ती पुन्हा पायी चालू लागते. सेट्झर तिला एका गुत्त्यात खचलेला सापडतो. त्याची एक मैत्रीण होती, डॅरिल. उड्डाणात त्याच्याहून सरस. एके दिवशी ती उडाली ती परत आली नाही. तिच्या मोडक्या नौकेचे अवशेष त्याने शोधून आणले, नौका दुरुस्त केली, आणि तिच्या समाधीखाली पुरून ठेवली. आता तो ह्या सोबत्यांना घेऊन त्या समाधीच्या पायऱ्या उतरतो. दुसरी नौका वर येते ती थडग्यातून, आणि ह्या वेळी तिचे काम एकच: उद्ध्वस्त जगात पांगलेले मित्र एकेक करून शोधणे. पहिल्या नौकेतून आपण जग पाहिले होते, दुसरीतून माणसे पाहतो.

ह्यापुढचा इतिहास उतरणीचा आहे. निदान मला तसा वाटतो. भाच्याला वाटत नाही. २००१ च्या दहाव्या भागात समुद्रतळातून काढलेली एक भव्य नौका आहे, पण ती खेळणाऱ्याने हाकावयाची नाही. गावांच्या नावांची यादी समोर येते. नावावर बोट ठेवले की आपण पोचलो. कारण समजण्यासारखे आहे. जुन्या खेळात नकाशावरचा माणूस गावाएवढा दिसे, जुन्या पटचित्रात भक्त देवळाएवढा काढीत तसा, आणि कोणाला त्यात खोटे वाटत नसे. पुढे चित्रे खऱ्यासारखी झाली; घर घराएवढे, माणूस माणसाएवढा. त्या मापाने सगळे जग काढावयास कोणाचे हात पुरणार? म्हणून मधले जग गाळले आणि यादी आली. यंत्राची शक्ती शेकडो पटींनी वाढली, आणि आकाश मात्र एका कागदावर मावू लागले.

भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही जुन्या माणसांसारखं बोलताय. २००२ चा अकरावा भाग बघा. त्यात इतर खेळाडूंबरोबर जहाजाची वाट बघत धक्क्यावर थांबावं लागायचं, आणि प्रवास संपेपर्यंत बसून राहावं लागायचं." हे मात्र मला आवडले. आपल्या एस.टी.सारखेच! वाट पाहण्यात आणि शेजारच्याशी बोलण्यात प्रवासाचे निम्मे पुण्य आहे. २०१६ च्या पंधराव्या भागात, कथा संपल्यावर, मोटारीला पंख फुटतात, पण ती उतरते फक्त रस्त्यावर. चुकीचे उतराल तर चक्काचूर. म्हणजे ती जुनी अट अजून कोठेतरी जिवंत आहे.

हे सर्व पाहताना मला वारंवार आपल्या घरची एक कथा आठवत होती. जपानी कर्त्यांनी ती वाचली होती असे मी सुचवीत नाही. रामायणात आकाशमार्गाचे दोन प्रवास आहेत. पंचवटीहून रावण सीतेला नेतो तो आकाशातून. लंकेहून राम तिला आणतो तोही आकाशातून, पुष्पक विमानात. खालची भूमी तीच. पण परतताना राम सीतेला बोटाने एकेक जागा दाखवतो: ही रणभूमी, हा सेतू, ही किष्किंधा, हे पंपा सरोवर, ही आपली पर्णकुटी. प्रत्येक जागी तो पायी गेलेला आहे, कोठे रडलेला आहे, कोठे मित्र जोडलेला आहे. रावणाला त्या वाटेवर दाखवण्यासारखे काहीच नव्हते. विमानाला दोष नाही आणि विमानाची थोरवीही नाही. खाली पाहून नाव घेण्याजोगी किती ठिकाणे तुमच्यापाशी आहेत, एवढाच प्रश्न आहे.

ह्याची परीक्षा मला माझ्याच वर्गात पाहावयास मिळाली. आमच्या शाळेत आता भिंतीवर पडदा आहे. उपग्रहाने टिपलेला आमच्या गावाचा नकाशा मी त्यावर लावला. मुलांनी शाळेचे पत्रे ओळखले, आपापली घरे ओळखली, मोठा जल्लोष झाला. मी विचारले, "हा ओढा दिसतोय. ह्याचं पाणी कुठून कुठं वाहतं?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. अभ्यासात यथातथा, सकाळी शेरडे चारून मग शाळेत येतो. तो पुढे आला आणि पडद्यावर बोट फिरवीत म्हणाला, "गुर्जी, पाणी म्हसोबाच्या माळावरनं येतं. हितं खडक हाय, तितनं वळतं, आन् देवळामागनं नदीला जातं." त्या चित्रात माळ, खडक, वळण काहीएक उठून दिसत नव्हते. त्याला दिसत होते. त्या दिवशी मी धडा तेथेच थांबवला, आणि पुढच्या शनिवारी वर्ग घेऊन ओढ्याच्या काठाने उगमापर्यंत चालत गेलो. वाटाड्या तोच मुलगा होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याने त्याचा जुना संगणक माझ्याकडे ठेवला होता. पहिला भाग मी एकट्याने खेळलो. बोटे जड, चुका फार; पुष्कळदा मेलो. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात तो तरंगता दगड मिळाला. वाळवंटात जाऊन उभा राहिलो, वाळू हलली, नौका वर आली. भाच्याला फोन केला.

"वा, मामा! मग आता कुठं निघालात?"

मी त्याला खरे सांगितले. मी आधी परतच गेलो होतो. अगदी पहिल्या गावाकडे, राजाने बांधून दिलेल्या त्या पुलापाशी. सुरुवातीला हा पूल ओलांडतो तेव्हाच कोठे खेळाचे नाव पडद्यावर येते; तोवर झालेले सगळे नांदीत जमा. शेजारच्या गवतावर नौका उतरवली, खाली उतरलो आणि पूल पुन्हा एकदा पायी ओलांडला.

"पण तिकडे आता काहीच नसतं, मामा," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "पूल आहे ना."